सर्व्हरलेस फंक्शनसाठी ओपन सोर्स साधन कसे निवडावे: एका पावतीपासून सुरुवात

‘सर्व्हरलेस’ या शब्दाने नवख्याची पहिली फसगत होते. सर्व्हर असतोच, तो सांभाळण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवलेले असते, इतकेच. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा ही सेवा जाहीर केली, तेव्हा हा दुसरा कोणीतरी म्हणजे ॲमेझॉन होती. तुम्ही एक छोटे फंक्शन लिहून द्यायचे, विनंती आली की ते जागे होणार, काम संपले की थांबणार आणि ते जितका वेळ चालले तितक्याच वेळाचे पैसे लागणार, अशी ती मांडणी होती. हीच सोय ओपन सोर्स साधने वापरून स्वतःच्या यंत्रांवर उभी करायची ठरवली, की दुसऱ्या कोणाच्या त्या खुर्चीत तुम्हालाच बसावे लागते. डिस्क भरली, प्रमाणपत्राची मुदत संपली, क्लस्टरची (एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या समूहाची) नवी आवृत्ती आली, तर बघायचे तुम्हीच. त्यामुळे या साधनांची तुलना वैशिष्ट्यांच्या तक्त्यापासून सुरू करू नये. हे सगळे कोण सांभाळणार, हा प्रश्न आधी सोडवावा. साधनाचे नाव पुष्कळदा त्याच्या उत्तरातच सापडते.

पुढील पायऱ्या ज्याला पायथन बऱ्यापैकी येते, ज्याने डॉकरची एखादी इमेज बनवून पाहिली आहे, पण ज्याने कुबरनेटिसला (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेला) अजून हात लावलेला नाही, अशा वाचकासाठी लिहिल्या आहेत. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना त्या त्या प्रकल्पाचे दस्तऐवज समोर ठेवावेत.

पायरी १: काम एका वाक्यात लिहा आणि त्याचा हिशेब मांडा

उदाहरणासाठी मी मुद्दाम साधे काम घेतो. दोनशे सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेला दर महिन्याच्या एक तारखेला देखभाल शुल्काच्या पावत्या मराठीत, पीडीएफ स्वरूपात हव्या आहेत. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, रक्कम आणि पावती क्रमांक एवढी माहिती जेसनमध्ये येते; फंक्शनने तिची पीडीएफ करून परत द्यायची. महिन्यातील उरलेले दिवस हे फंक्शन जवळजवळ रिकामे बसून असते, म्हणजे सर्व्हरलेस पद्धतीला अगदी साजेसे.

आता हिशेब. एका पावतीला दोन सेकंद आणि अर्धा जीबी स्मृती लागते असे धरले, तर दोनशे पावत्यांचे महिन्याला २०० जीबी-सेकंद होतात. लॅम्डाच्या कायमस्वरूपी मोफत मर्यादेत दरमहा १० लाख विनंत्या आणि ४,००,००० जीबी-सेकंद बसतात. याचा अर्थ असा की पैसे वाचवण्यासाठी म्हणून हे काम ओपन सोर्स साधनावर नेण्यात काहीही हशील नाही. सर्वांत लहान भाड्याचे यंत्रसुद्धा त्याहून महाग पडेल. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’ या समजुतीपायी अनेक जण या वाटेला लागतात.

मग ही वाट कोणासाठी? ज्यांच्याकडे कुबरनेटिसचे क्लस्टर आधीपासून चालू आहे आणि त्यात जागा शिल्लक आहे त्यांच्यासाठी. ज्यांची माहिती करारामुळे किंवा नियमामुळे स्वतःच्या यंत्राबाहेर जाऊ शकत नाही त्यांच्यासाठी. ज्यांचे एकेक काम लॅम्डाच्या पंधरा मिनिटांच्या मर्यादेत बसत नाही त्यांच्यासाठी. आणि अर्थातच ज्यांना हे सारे आतून कसे चालते ते शिकायचे आहे त्यांच्यासाठी. या चारांपैकी एकही कारण लागू नसेल, तर सशुल्क सेवा घेऊन मोकळे व्हावे, असे माझे मत आहे.

पायरी २: एकाच नावाखाली येणाऱ्या दोन जाती वेगळ्या करा

शोध घेतला की एकाच यादीत बरीच नावे समोर येतात आणि त्यांत दोन अगदी भिन्न प्रकारची साधने मिसळलेली असतात. पहिल्या प्रकारची साधने फंक्शन स्वतः चालवत नाहीत. ती तुमचे फंक्शन बांधून एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर पोहोचवतात. सर्व्हरलेस फ्रेमवर्क आणि ॲमेझॉनचे सॅम ही त्यातली. सॅमचा स्रोत खुला आहे, परंतु त्याने पोहोचवलेले फंक्शन चालते ते लॅम्डावरच. सर्व्हरलेस फ्रेमवर्कबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून वार्षिक उत्पन्न २० लाख डॉलरपेक्षा जास्त असलेल्या संस्थांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात. जुने लेख वाचून ते पूर्णपणे मुक्त आहे असे गृहीत धरू नये.

दुसऱ्या प्रकारची साधने फंक्शन प्रत्यक्ष चालवतात: ओपनफास, केनेटिव्ह, फिशन, ओपनव्हिस्क, न्यूक्लिओ, एफएन. या लेखाचा विषय हीच साधने. यांपैकी बहुतेकांना पायाखाली कुबरनेटिस लागते, आणि नवख्याची खरी चढण तिथेच आहे. फंक्शन लिहिणे त्या मानाने किरकोळ म्हणावे लागेल.

पायरी ३: साधन निवडण्याआधी फंक्शन लिहा

हा क्रम उलटा वाटेल, पण तो मुद्दाम तसा ठेवला आहे. साधन आधी निवडले की त्याने आखून दिलेल्या साच्यात फंक्शन लिहिले जाते, आणि उद्या साधन बदलायचे म्हटले तर सगळेच पुन्हा लिहावे लागते. म्हणून तीन फाइली करा. पहिलीत केवळ काम असावे: शब्दकोश घ्यायचा आणि पीडीएफचे बाइट परत द्यायचे. त्या फाइलीत एचटीटीपीचा, क्लाउडचा किंवा कोणत्याही साधनाचा उल्लेखही नको. दुसरीत फ्लास्कचे जेमतेम पंधरा-वीस ओळींचे वेष्टन असावे, जे ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर विनंती घेऊन पहिल्या फाइलीला हाक मारते. तिसरी फाइल म्हणजे डॉकरफाइल.

यातल्या पहिल्या फाइलीवर थोडे थांबतो, कारण मराठी पावतीची सगळी गंमत तिच्यात आहे. पीडीएफ बनवणाऱ्या पायथनच्या अनेक लायब्ररी अक्षरे एकापुढे एक ठेवत जातात. रोमन लिपीत त्याने काही बिघडत नाही. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे यायला हवी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा आणि ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ यांची जोडाक्षरे व्हायला हवीत. हे काम हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी करते. ती नसेल तर ‘किर्लोस्कर’ हा शब्द ‘क’, मग सुटी वेलांटी, मग पाय मोडलेला ‘र्’ असा विस्कटून उमटतो. वीझीप्रिंट ही लायब्ररी मांडणीसाठी पॅंगोवर आणि पॅंगो हार्फबझवर विसंबते, म्हणून एचटीएमएलमध्ये लिहिलेली पावती तिच्याकडून योग्य रूपात येते. मात्र पॅंगो ही पायथनची लायब्ररी नव्हे. ती कार्यप्रणालीच्या पातळीवर बसवावी लागते, आणि साधनाच्या निवडीवर याचा थेट परिणाम होतो. तो पुढे येईलच.

मी पहिल्यांदा हे केले तेव्हा लॅपटॉपवर पावती सुरेख आली आणि कंटेनरमध्ये चालवल्यावर सभासदाच्या नावाच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या. अर्धा दिवस कोड तपासण्यात घालवला. दोष कोडमध्ये नव्हताच: कंटेनरसाठी घेतलेल्या छाटलेल्या डेबियन इमेजमध्ये देवनागरीचा एकही फाँट नव्हता. डॉकरफाइलमध्ये पॅंगोच्या जोडीला नोटो सान्स देवनागरी हा फाँट बसवला आणि प्रश्न मिटला. पायाला अल्पाइन न घेता डेबियनची छाटलेली इमेज घ्यावी, असे मी नवख्यांना सांगतो. अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी असल्यामुळे काही पायथन पॅकेजे तयार स्वरूपात मिळत नाहीत आणि ती बांधत बसण्यात वेळ जातो.

याच फाइलीत आणखी दोन गोष्टी सांभाळा. कंटेनरचे घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते. आपल्याकडे एक तारखेची पहाट झालेली असली तरी साडेपाच वाजेपर्यंत कंटेनरच्या लेखी मागच्या महिन्याची शेवटची तारीखच असते, त्यामुळे रात्री एक वाजता लावलेल्या वेळापत्रकाने जुलैच्या पावत्या जूनच्या नावाने निघतात. तारीख काढताना आशिया-कोलकाता हा कालविभाग स्पष्टपणे नमूद करावा. त्याहून चांगले म्हणजे पावतीचा महिना विनंतीतूनच पाठवावा. दुसरे म्हणजे पावती क्रमांक फंक्शनने स्वतः तयार करू नये. घटना पोहोचवणाऱ्या बहुतेक यंत्रणा निरोप ‘किमान एकदा’ पोहोचेल एवढीच हमी देतात. तो दोनदाही पोहोचू शकतो. क्रमांक आतच तयार होत असेल, तर एकाच सभासदाला दोन क्रमांकांच्या दोन पावत्या जातील आणि खजिनदाराला वर्षअखेर त्याचा जाब द्यावा लागेल. क्रमांक बाहेरून आला, तर तेच काम दोनदा होऊनही तीच पावती निघते.

इमेज तयार झाली की कोणतेही साधन मध्ये न आणता ती साध्या डॉकरवर चालवा, कर्लने एक विनंती पाठवा आणि आलेली पीडीएफ उघडून पाहा. येथपर्यंत सर्व ठीक असेल तरच पुढे जा.

पायरी ४: आता साधने पाहा

ओपनफास हा प्रकल्प ॲलेक्स एलिस यांनी २०१६ च्या अखेरीस सुरू केला. नवख्याला त्याचा वापर सर्वांत लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे. फास-सीएलआय या आज्ञेने साचा उतरवायचा, हँडलर भरायचा आणि ‘अप’ म्हटले की बांधणी, इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या भांडारात) ढकलणे आणि तैनाती ही तिन्ही कामे एका दमात होतात. पायथनच्या डेबियन साच्यात कार्यप्रणालीची जादा पॅकेजे बांधणीच्या वेळी सांगता येतात, त्यामुळे पॅंगो आणि फाँट यांची सोय होते. आपण मात्र पायरी तीनमध्ये स्वतःची इमेज तयार केली आहेच. ८०८० पोर्टवर एचटीटीपी बोलणारा कंटेनर ओपनफासलाही चालतो. प्रकृती तपासण्यासाठी त्याने ठरवलेला मार्ग तेवढा वेष्टनात जोडावा लागतो.

लांबणारी कामे मागे रांगेत टाकण्याची ओपनफासची पद्धत मला विशेष आवडते. विनंतीच्या पत्त्यात ‘फंक्शन’च्या जागी ‘असिंक-फंक्शन’ लिहिले की गेटवे तत्काळ २०२, म्हणजे ‘विनंती स्वीकारली’, हा प्रतिसाद देऊन मोकळा होतो, विनंती नॅट्स या निरोप-यंत्रणेच्या रांगेत जाते आणि काम झाल्यावर निकाल तुम्ही दिलेल्या परतपत्त्यावर पोहोचतो. दोनशे पावत्या एकदम मागवायच्या असतील तर हे फार कामाचे आहे.

आता त्याची दुसरी बाजू. ओपनफासची मोफत कम्युनिटी आवृत्ती पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. फंक्शनच्या संख्येवर आणि व्यावसायिक वापरावर तिच्यात मर्यादा आहेत, आणि काम नसताना फंक्शन शून्यावर आणण्याची (चालू प्रती शून्य करण्याची) सोय सशुल्क आवृत्तीत आहे. म्हणजे महिनाभर रिकामे बसणारे आपले पावतीचे फंक्शन मोफत आवृत्तीत सतत स्मृती अडवून राहणार. शिकण्यासाठी याने काही अडत नाही. कंपनीत वापरायचे असेल तर त्या दिवशी लागू असलेला परवाना स्वतः वाचा. ब्लॉगवरील सारांशावर विसंबू नका.

ओपनफासचेच एक धाकटे भावंड आहे, फासडी. ते कुबरनेटिसशिवाय, एकाच लहान यंत्रावर, कंटेनर चालवणाऱ्या कंटेनरडीच्या आधाराने चालते. ज्याला क्लस्टरच्या भानगडीत न पडता फंक्शनची कल्पना हाताळून पाहायची आहे त्याने येथून सुरुवात केली तर वेळ वाचतो. एकच यंत्र असल्यामुळे ते बंद पडले की सगळेच बंद, हा त्याचा उघड तोटा. परवान्याबाबत वरचीच सूचना यालाही लागू आहे.

केनेटिव्ह गूगलने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले. पिव्होटल, आयबीएम, रेड हॅट आणि एसएपी या कंपन्याही सुरुवातीपासून त्यात होत्या. मार्च २०२२ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेले. त्याचा गाभा असा की त्याला ‘फंक्शन’ असे वेगळे काही लागतच नाही. सांगितलेल्या पोर्टवर एचटीटीपी ऐकणारा कोणताही कंटेनर द्या. विनंत्या वाढल्या की केनेटिव्ह त्याच्या प्रती वाढवते आणि विनंत्या थांबल्या की शून्यावर आणते, तेही मोफत. आपली तीन फाइलींची इमेज येथे एक अक्षर न बदलता चालते. गूगलच्या क्लाउड रन या सेवेची आखणी केनेटिव्हच्याच सर्व्हिंग एपीआयला धरून असल्यामुळे, क्लस्टर सांभाळण्याचा कंटाळा आला तर तीच इमेज तिकडे नेता येते. बाहेर पडण्याचा मार्ग आधीच दिसत असलेले साधन मला नेहमी जास्त भरवशाचे वाटते.

केनेटिव्हची किंमत मोजावी लागते ती त्याच्या वजनात. सरावासाठीच्या क्विकस्टार्टलाही किमान ३ सीपीयू आणि ३ जीबी स्मृती लागते. एकाच नोडवर (क्लस्टरमधल्या एका यंत्रावर) प्रत्यक्ष वापरासाठी उभे करायचे असेल तर प्रकल्पाचे दस्तऐवज ६ सीपीयू, ६ जीबी स्मृती आणि ३० जीबी डिस्क मागतात. शिवाय नेटवर्कसाठी कुरियर, इस्टिओ किंवा कंटूर यांपैकी एक थर निवडावा लागतो. नवख्याने कुरियर घ्यावे आणि त्या निवडीवर अधिक विचार करू नये.

फिशन वेगळ्या वाटेने जाते. तेथे इमेज बांधावीच लागत नाही: पायथनचे ‘एन्व्हायर्नमेंट’ एकदा तयार केले की नुसती स्रोतफाइल द्यायची, आणि आधीच तापवून ठेवलेल्या पॉडच्या (कुबरनेटिसमध्ये कंटेनर ज्यात चालतो त्या लहानात लहान एककाच्या) साठ्यातून एक पॉड उचलून फिशन त्यात तुमचा कोड भरते. त्यामुळे पहिल्या विनंतीला फार थांबावे लागत नाही. छोट्या, निव्वळ पायथनच्या फंक्शनसाठी हा प्रकार फारच सुटसुटीत आहे. आपल्या पावतीला मात्र पॅंगो आणि फाँट हवेत. ते फिशनच्या तयार एन्व्हायर्नमेंटमध्ये मिळतील असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा स्वतःचे एन्व्हायर्नमेंट बांधावे लागते, म्हणजे टाळलेली इमेज मागच्या दाराने परत येते. आणि तापवून ठेवलेले पॉड स्मृती खातच असतात, हेही विसरू नये.

ओपनव्हिस्क २०१६ मध्ये आयबीएमकडून आले आणि पुढे अपाची फाउंडेशनचा प्रकल्प झाले. ॲक्शन, ट्रिगर आणि रूल ही त्याची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पण काफ्का आणि काउचडीबीसह इतके घटक एकत्र नांदवायचे, तर त्यासाठी माणसे हवीत. एकट्या नवख्याने त्यात पडू नये. न्यूक्लिओ प्रवाही माहिती आणि जीपीयूवरील कामे यांसाठी घडवलेले आहे, पावतीसाठी नव्हे. ओरॅकलने २०१७ मध्ये खुले केलेले एफएन केवळ डॉकरवर चालून जाते, त्यामुळे एक दुपार त्याच्याबरोबर घालवायला हरकत नाही.

क्युबलेस हे नाव जुन्या लेखांत वारंवार भेटेल. त्याची देखभाल थांबलेली आहे, तेव्हा ते वगळा. ते वाईट होते म्हणून बंद पडले असे नाही. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचे प्राधान्य बदलले की असे घडते. म्हणून कोणतेही साधन घेण्याआधी त्याच्या भांडारात जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: शेवटची आवृत्ती कधी आली, मागील काही महिन्यांत बदल करणारी माणसे एकाच कंपनीची आहेत की अनेक ठिकाणची, आणि नोंदवलेल्या दोषांना कोणी उत्तर देते का. गिटहबवरील ताऱ्यांची संख्या पाहू नका. बंद पडलेल्या प्रकल्पाचेही तारे तसेच चमकत राहतात.

माझी शिफारस सरळ आहे. कुबरनेटिस नको असेल तर फासडी. क्लस्टर असेल किंवा शिकायचेच असेल तर केनेटिव्ह. पुढील पायऱ्या केनेटिव्हवर दाखवतो.

पायरी ५: लॅपटॉपवर उभे करा

डॉकर, कुबकंट्रोल (कुबरनेटिसला आज्ञा देणारे साधन), काइंड (डॉकरच्या आत कुबरनेटिस उभे करणारे साधन) आणि केनेटिव्हची ‘केएन’ ही आज्ञा बसवा. केएनला क्विकस्टार्टचे प्लगइन जोडा. ‘केएन क्विकस्टार्ट काइंड’ एवढे म्हटले की डॉकरच्या आत एक लहानसे क्लस्टर उभे राहते आणि त्यात केनेटिव्ह बसवले जाते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर त्या वेळी ब्राउझरच्या पन्नास खिडक्या उघड्या ठेवू नका.

त्यानंतर आपली इमेज क्लस्टरमध्ये न्यायची, आणि बहुतेक नवखे नेमके येथे अडखळतात. ‘काइंड लोड’ करून इमेज आत नेली तरी केनेटिव्ह ती रजिस्ट्रीत शोधायला जाते आणि सापडली नाही म्हणून तक्रार करते. कारण असे की केनेटिव्ह प्रत्येक इमेजच्या टॅगचे रूपांतर तिच्या नेमक्या डायजेस्टमध्ये (आशयावरून ठरणाऱ्या ओळखखुणेत) करून ठेवते आणि त्यासाठी रजिस्ट्रीला विचारते. इमेजच्या नावाची सुरुवात ‘डेव्ह डॉट लोकल’ अशी केली की ही विचारपूस मूळ मांडणीतच वगळली जाते. मात्र टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नका, ‘१’, ‘२’ असे क्रमांक द्या. लेटेस्ट असेल तर कुबरनेटिस दर वेळी इमेज बाहेरून आणू पाहते.

डायजेस्ट गोठवण्याच्या या सवयीचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यावा. रजिस्ट्रीतील इमेज त्याच टॅगवर बदलली तरी चालू असलेली आवृत्ती बदलत नाही. नवी आवृत्ती हवी असेल तर सेवा पुन्हा तैनात करावी लागते. सुरुवातीला हे त्रासदायक वाटते. पण मागची आवृत्ती नेमकी काय होती हे कधीही सांगता येते आणि रहदारी तिच्याकडे परत वळवता येते, हा लाभ त्याहून मोठा आहे.

‘केएन सर्व्हिस क्रिएट’ या आज्ञेला सेवेचे नाव आणि इमेज दिली की पत्ता छापून येतो. त्यावर एका सदनिकेचा जेसन पाठवा. पीडीएफ आली की पॉडची यादी सतत दाखवणारी आज्ञा दुसऱ्या खिडकीत लावून ठेवा आणि हात न लावता बसून राहा. रहदारी मोजण्याची खिडकी मुळात ६० सेकंदांची असते. ती रिकामी गेली की पॉड ‘टर्मिनेटिंग’ म्हणत निघून जातो आणि यादी रिकामी होते. पुन्हा विनंती पाठवली की नवा पॉड उगवतो. सर्व्हरलेस म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या खिडकीत स्वच्छ दिसते.

पायरी ६: कोल्ड स्टार्ट स्वतः मोजा

शून्यावरून उठायला लागणाऱ्या वेळेला कोल्ड स्टार्ट म्हणतात. प्रत्येक साधनाचे समर्थक त्याबद्दल आकडे सांगतात, आणि ते आकडे बहुधा ‘नमस्कार जग’ एवढेच म्हणणाऱ्या फंक्शनचे असतात. तुमचा आकडा तुमच्या फंक्शनवर ठरतो. तो चार तुकड्यांचा बनलेला असतो: पॉडला नोड मिळणे, इमेज त्या नोडवर उतरणे, पायथन सुरू होऊन लायब्ररी आयात होणे, आणि कंटेनर तयार आहे हे तपासणीने मान्य करणे. पावतीच्या बाबतीत तिसरा तुकडा जड आहे, कारण वीझीप्रिंटसारखी लायब्ररी पुष्कळ काही ओढून आणते.

मोजण्याची रीत सोपी आहे. यादी रिकामी होईपर्यंत थांबा, कर्लला एकूण वेळ छापायला सांगून एक विनंती पाठवा, लगेच दुसरी पाठवा. दोन्ही आकडे वहीत लिहा. असे दहा वेळा करा आणि सरासरीपेक्षा सर्वांत वाईट आकड्याकडे लक्ष द्या, कारण सभासदाला तोच जाणवतो. एक तारखेला एकगठ्ठा होणाऱ्या कामात पहिल्या पावतीला चार सेकंद जास्त लागले तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हीच पावती सभासद मोबाइलवर ‘डाउनलोड’ दाबून मागणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा किमान प्रतींची संख्या एक ठेवणारी सूचना सेवेला द्यावी. अशी एक प्रत कायम जागी ठेवली की शून्यावर येण्याचा लाभ सोडून दिला, हे मान्य करूनच.

पायरी ७: प्रत्यक्ष वापरण्याआधी

फंक्शनचा पत्ता हाती लागलेला कोणीही ते चालवू शकतो, ही गोष्ट नवख्यांच्या फार उशिरा ध्यानात येते. ओपनफासच्या गेटवेला परवलीचा शब्द असतो, पण तो तैनाती आणि व्यवस्थापनाच्या मार्गांसाठी. फंक्शनला हाक मारण्याचा मार्ग मुळात उघडाच असतो. केनेटिव्हमध्येही सेवा बाहेरून दिसेल अशीच तयार होते. ती केवळ क्लस्टरच्या आतून दिसावी असे वाटत असेल तर ‘क्लस्टर-लोकल’ हे लेबल लावावे लागते. पावतीवर सभासदाचे नाव आणि रक्कम असते, तेव्हा हे लेबल लावा आणि बाहेरच्या विनंत्या ओळख तपासणाऱ्या वेगळ्या सेवेमार्फतच आत येऊ द्या. परवलीचे शब्द इमेजमध्ये कधीही ठेवू नयेत. कुबरनेटिसच्या सीक्रेटमधून द्यावेत.

वेळमर्यादा एका जागी नसते. केनेटिव्हमध्ये ती मुळात ३०० सेकंद आहे, ओपनफासमध्ये गेटवेची वेगळी आणि वॉचडॉगची (कंटेनरच्या आत फंक्शनकडे विनंती पोहोचवणाऱ्या प्रक्रियेची) वेगळी, आणि पायथन चालवणाऱ्या गनिकॉर्नची स्वतःची ३० सेकंदांची आणखी वेगळी. विनंती मध्येच तुटली की लोक साधनाला दोष देतात. मी तरी आधी गनिकॉर्न पाहतो. लिहायचे काही असेल तर ते तात्पुरत्या निर्देशिकेतच लिहा आणि पुढच्या विनंतीला ते सापडेल अशी आशा धरू नका. घटनांमार्फत काम चालवणार असाल तर निरोपाचे स्वरूप क्लाउडइव्हेंट्सप्रमाणे ठेवा. हे प्रमाण ऑक्टोबर २०१९ मध्ये १.० झाले असून केनेटिव्हचे इव्हेंटिंग त्यावरच उभे आहे.

पायरी ८: बाहेर पडण्याची तालीम

शेवटचे काम तासाभराचे आहे, आणि ते पहिल्याच आठवड्यात करावे. क्विकस्टार्टने बनवलेले क्लस्टर काइंडच्या आज्ञेने पूर्ण पुसून टाका. मग तीच इमेज साध्या डॉकरवर चालवा, नंतर फासडीवर किंवा एखाद्या सशुल्क सेवेवर, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच सदनिकेची पावती काढा. कोणत्या ठिकाणी कोणती फाइल बदलावी लागली ते लिहून ठेवा. बदल फक्त वेष्टनाच्या फाइलीत झाले असतील तर रचना नीट जमली. पावती बनवणाऱ्या पहिल्या फाइलीला हात लावावा लागला असेल, तर साधनाची कोणती सवय तिच्यात शिरली ते शोधा, ती बाहेर काढा आणि क्लस्टर पुन्हा उभे करा.